विकत घेतलेले तारे

व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, म्हणून समीक्षेने तिच्याकडे पाहू नये, हे आम्हाला मान्य नाही. रोलां बार्थने १९५७च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये तिला नाट्य मानून वाचलेच होते. आमचा आक्षेप वेगळ्याच समजुतीला आहे: मोठा तारा ज्या कंपनीकडे, तिचाच विजय.

डब्ल्यूसीडब्ल्यूने १९९४मध्ये हल्क होगनला आणले. दोन वर्षे तो जुनाच नायक राहिला. जुलै १९९६मध्ये त्याला खलनायक केले आणि खरी खळबळ उडाली. माणूस तोच, भूमिका बदलली. १९९६ ते १९९८ या काळात या कंपनीने प्रेक्षकसंख्येत डब्ल्यूडब्ल्यूएफला सलग ८३ आठवडे मागे टाकले.

याच कंपनीने १९९५मध्ये स्टीव्ह ऑस्टिनला काढून टाकले होते. प्रतिस्पर्ध्याने त्याला मालकाशी भिडणारा बंडखोर नोकर केले. प्रेक्षकांना त्याच्यात आपला राग सापडला. मिक फोलीही इथूनच गेलेला. ४ जानेवारी १९९९ रोजी त्याच्या विजेतेपदाची बातमी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या निवेदकाने कुचेष्टेने आधीच फोडली, तर लाखो प्रेक्षक तो विजय पाहायला तिकडे वळले. त्याच रात्री होगनने बोट टेकवताच केव्हिन नॅश आडवा झाला आणि विजेतेपद होगनकडे गेले!

मार्च २००१मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली. मालक-समूहाच्या विलीनीकरणानंतर तिची दूरचित्रवाणीवरील जागा गेली, हे खरे. पण प्रेक्षक त्याआधीच निघून गेला होता. संहिता नटाच्या दावणीला बांधणाऱ्या कोणत्याही रंगभूमीचे याहून वेगळे काय होणार?