घरे वाचली, गावे गेली

तोक्योच्या दक्षिणेस वसलेले कावासाकी हे शहर जगाला ठाऊक आहे ते पोलादाचे कारखाने, तेलशुद्धीकरण प्रकल्प आणि एकेकाळी त्यांच्या धुराने काळवंडलेले आकाश यांमुळे. याच शहराच्या महापालिकेने 1967 मध्ये, औद्योगिक भरभराट ऐन रंगात असताना, एका झाडीभरल्या टेकडीवर जुन्या ग्रामीण घरांचे खुले संग्रहालय उभारावे, ही गोष्ट वरकरणी विसंगत वाटते. वस्तुतः तीत विसंगती नाही. ज्या समृद्धीने जपानची खेडी रिकामी केली, तिनेच त्यांतील घरे उचलून आणण्याचा खर्चही पुरवला.

‘निहोन मिंका-एन’ हे या संग्रहालयाचे नाव. ‘मिंका’ म्हणजे सामान्य लोकांची घरे. त्याचा आरंभ कावासाकीच्याच हद्दीतील इतो कुटुंबाच्या शेतघरापासून झाला. हे घर शेजारच्या योकोहामातील एका उद्यानात जाण्याच्या बेतात होते. ते आपल्याच शहरात राहावे म्हणून झालेल्या खटपटीतून पुढचे सारे उद्‌भवले. आज टेकडीवर सुमारे 25 वास्तू आहेत. उत्तरेकडील इवाते प्रांतातले काटकोनात वळलेले घर तेथे आहे. त्यात माणसे आणि घोडे एकाच छपराखाली राहत. सार्डिन माशांच्या जाळ्यांच्या मालकाचे ऐसपैस घर आहे, फळ्यांच्या छपरावर दगड ठेवलेले दुकान-घर आहे, हाताने फिरवता येणारा काबुकीचा रंगमंच आहे, आणि नावाड्याची, दोन माणसे जेमतेम मावतील एवढी खोपही आहे. किताकमुरा नव्हे, कितामुरा असे ज्याचे नाव, त्या शेतघराचे वय तर अंदाजाने सांगावे लागत नाही. लाकडावर शाईने लिहिलेल्या मजकुरावरून ते 1687 सालचे ठरले आहे. राजवाडे आणि देवळे जपणारे देश पुष्कळ आहेत; नावाड्याची खोप जपावीशी वाटणे ही निराळी दृष्टी होय. जपानमध्ये ती एकाएकी आली नाही. कोन वाजिरो या अभ्यासकाने खेडोपाडी हिंडून, चित्रे काढून, लोकगृहांवरील आपला ग्रंथ 1922 मध्येच प्रसिद्ध केला होता.

घर हलवणे हे तेथील सुतारकामामुळे शक्य होते. खांब, तुळया आणि वासे एकमेकांत अडकवलेले वा दोरांनी बांधलेले असतात. प्रत्येक लाकडावर क्रमांक घालून ते उतरवायचे आणि नव्या जागी पुन्हा जोडायचे. मात्र येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याकडे पाहुण्यांचे लक्ष क्वचितच जाते. घर उतरवताना त्याच्या वाढीच्या खुणा दिसू लागतात. मागाहून काढलेली पडवी, पाडलेली भिंत, नंतर बसवलेली खिडकी. पुनर्बांधणीत बहुधा या भरी काढून टाकून घराला त्याचे जुने रूप दिले जाते. अभ्यासाच्या दृष्टीने हे योग्यच असेल. तथापि ज्या पिढ्यांनी भिंत पाडून उजेड आत घेतला, त्यांचे शहाणपणही त्या घराचाच भाग होते. शुद्धतेच्या हट्टापायी ते पुसले जाते. दीडशे वर्षे राहणाऱ्यांपेक्षा पहिल्या दिवशी बांधणाऱ्याला अधिक मान का मिळावा, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस सापडलेले नाही.

संग्रहालयाच्या बाजूने सांगण्याजोगी मोठी गोष्ट म्हणजे तेथला विस्तव. जपानी शेतघराच्या मध्यभागी जमिनीत चौकोनी चूल असते. तिला ‘इरोरी’ म्हणतात. तिचा धूर माळ्यातून वर चढतो, गवत कोरडे ठेवतो, कीड मारतो आणि बांधणीच्या दोरांना बळकटी देतो. चूल विझली की छप्पर कुजू लागते. म्हणून कावासाकीत स्वयंसेवक आळीपाळीने निरनिराळ्या घरांत लाकडे पेटवून धूर करतात. काचेच्या कपाटातील वस्तूला जे लागत नाही ते घराला लागते. आत कुणीतरी बसावे लागते, डोळे चोळावे लागतात.

आणि डोळे चोळणे ही त्या जीवनाची केवळ शोभा नव्हती. संग्रहालयातील सर्वांत उंच, चित्रांत नेहमी दिसणारी घरे शिराकावा आणि गोकायामा या बर्फाळ दऱ्यांतील आहेत. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखे त्यांचे छप्पर. वरच्या मजल्यांवर रेशमाचे किडे पोसले जात. परंतु शिराकावाच्या काही वस्त्यांत अशा एकाच घरात तीस-तीस माणसे राहत, आणि थोरल्या मुलाखेरीज इतरांना रीतसर विवाह करून वेगळा संसार थाटता येत नसे. त्यांची मुले आईच्या माहेरी वाढत. शेतजमीन तुटपुंजी, म्हणून माणसे विभागायची नाहीत, असा तो हिशेब होता. सुंदर छपराखाली हे सारे होते. त्या खोऱ्यातील कित्येक वस्त्या 1961 मध्ये पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाखाली गेल्या. काझुरा या पाड्याने तर कावासाकीचे संग्रहालय उघडले त्याच 1967 साली सामुदायिक निर्णय घेऊन गाव सोडले. त्या माणसांना आपण मागासलेले म्हणू नये आणि करंटेही म्हणू नये. हिवाळाभर बर्फात अडकून पडणे ज्यांना नको झाले, त्यांनी रस्त्याजवळ जावे हे स्वाभाविकच होते.

दुसरा मार्ग ओगिमाची या गावाने धरला. तेथील रहिवाशांनी 1971 मध्ये आपसांत ठरवले की घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, मोडायची नाहीत. 1976 मध्ये त्या वस्तीला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि 1995 मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. तेथे छप्पर शाकारण्याची ‘युई’ नावाची रीत आहे. आपल्याकडील इर्जिकीची जातकुळी. आज तुमच्या घरी आम्ही, उद्या आमच्या घरी तुम्ही. शंभर-दोनशे माणसे एका दिवसात अवाढव्य छपराची एक बाजू नवी करतात. परंतु काहीशे वस्तीच्या या गावात वर्षाला दहा लाखांहून अधिक प्रवासी येऊ लागले आणि अंगणात कॅमेरे डोकावू लागले. हिवाळ्यातील रोषणाई पाहण्यासाठी 2019 पासून आगाऊ नोंदणी सक्तीची करावी लागली. गाव राहते आहे, पण पाहुण्यांच्या नजरेखाली. त्या मानाने कावासाकीची रिकामी घरे निदान कुणाचा एकांत मोडत नाहीत.

अर्थात रिकाम्या घराचा खर्च निराळा. राहत्या घरात नित्य धूर मिळून छप्पर तीस-चाळीस वर्षे टिके. चूल अधूनमधून पेटते तेथे ते लवकर झिजते. म्हणजे ज्या घरात कोणी राहत नाही त्याला शाकारणाऱ्याची गरज अधिक वेळा पडते, आणि शाकारणारे तर गावांबरोबरच विरळ झाले. गवताची कुरणेही गेली. सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा जपानचा कायदा 1950 चा आहे; लाकडी वास्तू जतन करण्याची कौशल्ये, त्यांत शाकारणी आणि छपराचे गवत कापणेही, युनेस्कोच्या यादीत आली ती 2020 च्या डिसेंबरात.