सार्वमत हवे, पण घटक कोणता?

भाषेसंबंधी नवे परिपत्रक निघाले की आम्ही सीमावासीय सह्यांची मोहीम काढतो. निवेदन कचेरीत देतो. पोच मिळते, उत्तर मिळत नाही. मग तरुण कार्यकर्ते विचारतात, 'जनतेला थेट मतदानाने कायदा रद्द करता येत नाही का?' प्रश्न रास्त आहे.

स्वित्झर्लंडमध्ये सहीला कायद्याचे बळ आहे. संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध 100 दिवसांत 50,000 मतदारांनी सह्या केल्या की तो मतदानाला टाकावाच लागतो. घटनादुरुस्ती सुचवायची तर 18 महिन्यांत 1,00,000 सह्या लागतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातही 1911 पासून नागरिकांना सह्या जमवून कायद्याचा मसुदा मतदारांपुढे ठेवता येतो.

पण याच कॅलिफोर्नियाचा धडा भाषिक अल्पसंख्याकांनी विसरू नये. 1998 साली तेथे 'प्रस्ताव 227' सुमारे 61 टक्के मतांनी संमत झाला आणि स्पॅनिशभाषी मुलांना घरच्या भाषेचा आधार देणारे वर्ग बहुतेक ठिकाणी बंद पडले. 2016 साली मतदारांनीच त्यातील मुख्य तरतुदी सुमारे 73 टक्के मतांनी मोडीत काढल्या. चूक सुधारली खरी, पण मध्ये 18 वर्षे गेली. तेवढ्या काळात पहिलीतले मूल शाळा संपवून संसाराला लागते! आम्हा शिक्षकांना हा हिशेब वेगळा सांगावा लागत नाही.

उद्या मराठी शाळांचा प्रश्न साऱ्या कर्नाटकाच्या मतदानाला टाकला, तर कौल कोणाकडे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून नुसते 'सार्वमत घ्या' म्हणून भागणार नाही. मत कोणी द्यायचे, हे आधी ठरले पाहिजे.

जर्मनभाषी बहुसंख्या असलेल्या बर्न राज्यातील फ्रेंचभाषी जुरा प्रदेशाचा वाद स्वित्झर्लंडने असाच सोडवला. 1974 साली प्रथम त्या प्रदेशाचे मत घेतले, 1975 साली जिल्ह्यांचे आणि त्यानंतर सीमेवरच्या गावांचे. 1 जानेवारी 1979 रोजी जुरा हे वेगळे राज्य झाले. काही जिल्हे बर्नमध्येच राहिले. त्यांपैकी मुतिए या गावाने 2021 साली पुन्हा मतदान करून जुरात जाण्याचा निर्णय घेतला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही आमची मागणी यापेक्षा वेगळी कुठे आहे?

आपल्या राज्यघटनेत सह्यांवरून कायदा मतदानाला टाकण्याची सोय नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे. संबंधित विधानसभेने फक्त मत कळवायचे. तरीही गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झालाच. त्यासाठी संसदेने 1966 साली खास कायदा केला होता. तो कौल विलीनीकरणाच्या विरुद्ध गेला आणि सर्वांना मानावा लागला. जे गोव्यासाठी करता आले, ते सीमाभागातील खेड्यांसाठी अशक्य कसे?

महाराष्ट्राने हा प्रश्न 2004 साली सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आम्ही मात्र गावोगावच्या ग्रामसभांत एकाच मजकुराचे ठराव करून संसदेकडे पाठवावेत: आमच्या गावाचे मत आमच्या गावात घ्या. निकाल काहीही लागो, तो मानण्याची तयारीही त्याच ठरावात लिहावी. दुसऱ्याच्या बहुमताखाली दबलेल्यांनी लोकेच्छेची भाषा बोलताना एवढी सचोटी दाखवलीच पाहिजे.