गलाथियाचा किनारा कोणाला विचारून दिला?

निकोबारी मेगापोड हा पक्षी जगात फक्त निकोबार बेटांवर आढळतो. तो अंड्यांवर बसत नाही. किनाऱ्यालगतच्या जंगलात वाळू, माती आणि पालापाचोळ्याचा मोठा ढीग रचून त्यात अंडी पुरतो. कुजणाऱ्या पाल्याच्या उबेने पिल्ले बाहेर येतात. म्हणजे त्याला किनारा आणि किनाऱ्याचे जंगल, दोन्ही एकाच जागी लागतात. २००४ च्या त्सुनामीत हीच पट्टी उद्ध्वस्त झाली आणि नंतरच्या पाहणीत त्याच्या वापरातील ढिगांची संख्या जवळपास ७० टक्क्यांनी घटलेली दिसली.

या पक्ष्याचा एक महत्त्वाचा आसरा म्हणजे ग्रेट निकोबार बेटावरील गलाथिया उपसागर. १९९७ मध्ये तिथे अभयारण्य झाले. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने ते रद्द करायला मंजुरी दिली, कारण त्याच जागी मालवाहू जहाजांचे मोठे बंदर करायचे आहे. सोबत विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवे शहर. एकूण जागा सुमारे १६६ चौरस किलोमीटर, त्यातले सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल. नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरीही मिळाली.

मंजुरी प्रक्रियेतील कागदपत्रांतच लिहिले आहे की, उपसागरातील मेगापोडच्या ५१ सक्रिय घरट्यांपैकी सुमारे ३० कायमची नष्ट होतील. उपाय काय, तर मेन्चल या दुसऱ्या बेटावर मेगापोडसाठी अभयारण्य. तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडे लावायची ती हरियाणात! विषुववृत्ताजवळच्या सदाहरित जंगलाची भरपाई उत्तरेतल्या कोरड्या जमिनीवर कशी होणार? अभयारण्याची हद्द कागदावर सरकवता येते, पण घरट्याखालची वाळू आणि त्यावरची सावली सरकवता येत नाही.

आपल्या चळवळीने हा प्रश्न पक्षीप्रेमींवर सोडून का द्यायचा नाही, त्याचे कारण याच किनाऱ्यावर आहे. बेटाच्या जंगलात शोंपेन ही जमात राहते. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या तीनशेच्याही आत होती. निकोबारी आदिवासींची गावे किनाऱ्यावर होती. त्सुनामीनंतर त्यांना कॅम्पबेल बे परिसरातील वसाहतींत हलवले गेले आणि आपल्या मूळ गावी परत जाऊ द्या, ही त्यांची मागणी जुनीच आहे. त्यांच्या आदिवासी परिषदेने आधी दिलेले ना-हरकत पत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये मागे घेतले. पूर्ण माहिती न देता संमती घेतली गेली, असे त्यांचे म्हणणे आहे. ज्या पट्टीवर पक्ष्याचे घर आहे, तिथूनच माणसांचेही घर सुटते आहे.

सरकारचा मुद्दा आम्ही टाळत नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जहाजमार्ग जवळ आहे, भारताचा बराच माल कोलंबो आणि सिंगापूरमार्गे जातो, संरक्षणाची गरजही खरी आहे. पण संरक्षणाची गरज वेगळी आणि लाखो लोकांचे शहर वेगळे. दोन्ही एकाच प्रस्तावात बांधले की शहरावर विचारलेला प्रश्नही देशविरोधी ठरवता येतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये मंजुरीच्या फेरतपासणीसाठी समिती नेमली, तर तिचा अहवालही गोपनीय ठेवला गेला.

बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानात आज कलम ४८-अ आणि ५१-अ (छ) यांनी जंगल आणि वन्यजीवांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर आणि नागरिकांवरही टाकली आहे. कलम ३३८-अ नुसार आदिवासींवर परिणाम करणाऱ्या मोठ्या धोरणांत अनुसूचित जमाती आयोगाशी सल्लामसलत बंधनकारक आहे. वनाधिकार कायदा २००६ ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा मानतो. यापैकी काहीही नव्याने मागायचे नाही, आहे ते पाळायला लावायचे आहे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी लावून धराव्यात. समितीचा अहवाल खुला करा. निकोबारी आणि शोंपेन यांच्या वनहक्कांचा निर्णय झाल्याशिवाय एकही झाड तोडू नका. गलाथियाला पुन्हा अभयारण्याचा दर्जा द्या. आपल्या खासदाराला पत्र लिहा, माहिती अधिकाराचा अर्ज करा, वस्तीतल्या वाचनालयात या विषयावर बैठक घ्या. आपल्याला न विचारता आपल्याबद्दल निर्णय होणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. निकोबारच्या माणसांवर आज तीच वेळ आली आहे.