भेंडी बाजारात बसायचं कुठे?

भेंडी बाजाराचा पुनर्विकास व्हायलाच हवा होता. 31 ऑगस्ट 2017 ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, 30 हून अधिक माणसं गेली. जुन्या चाळींचं कौतुक दुसरीकडे पक्क्या घरात झोपणाऱ्यांनी जरा बेतानं करावं.

मागच्या रविवारी अब्बा, अम्मी, बायको आणि लेकीला घेऊन दिवसभर तिथे फिरलो. साडेसोळा एकर, सुमारे 250 जुन्या इमारती, 3,200 कुटुंबं असा हा प्रकल्प. पागडीच्या भाडेकरूला किमान 350 चौरस फुटांचं मालकीचं घर, आत संडास. चाळीत डबा घेऊन रांग लावलेल्या अब्बांना त्या संडासाचंच जास्त अप्रूप! टॉवरकडे बघत ते बराच वेळ उभे होते.

उभेच, कारण आसपास फुकट बसायला जागा सापडेना. अम्मीचे गुडघे दुखायला लागले तेव्हा हॉटेलात चहा मागवून बसलो. जुन्या चाळीचा ओटा कुणाला चहा मागवायला लावत नसे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात रोज वापरणाऱ्या प्रत्येकाला युजर धरतात. पुनर्विकासात मात्र मोजणी भाडेकरू आणि गाळेधारकापाशी थांबते. खरेदीला येणाऱ्या बायका, हमाल, फेरीवाले कोणत्या यादीत? 2014 च्या फेरीवाला कायद्यानं नगर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत. तुमच्या मोहल्ल्यात बिल्डरची बैठक असेल तर कार्पेट एरियाच्या जोडीला फुटपाथ किती रुंद आणि बायकांचं शौचालय कुठे, हेही विचारा. उत्तर लेखी घ्या.