प्रार्थनेला उशीर होत नसतो

आमच्या धर्मग्रामातील एका विधवा मातेचा मुलगा आखाती देशात रात्रीच्या अपघातात वारला. वार्ता घरी पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. "फादर, तो मरत होता तेव्हा मी झोपले होते. रोझरीचा एक मणीही मी त्याच्यासाठी सरकवला नाही," असे म्हणून ती रडू लागली. एका सुशिक्षित शेजाऱ्याने तिची समजूत घातली होती : देवाचे सारे आधीच ठरलेले असते, प्रार्थनेने काय बदलणार होते?

हे सांत्वन नव्हे. सटवाईची लेखणी परमेश्वराच्या हाती देण्याचा हा प्रकार आहे आणि तो ख्रिस्ती श्रद्धेच्या नावावर खपवला जातो, याचा आम्हांला खेद वाटतो.

मुळात 'आधीच' हा शब्दच येथे गैरलागू आहे. इ. स. 524 च्या सुमारास, बंदिवासात देहदंडाची वाट पाहत असता बोएथियस यांनी या प्रश्नाचा उलगडा केला. लांबतच जाणारा काळ म्हणजे सनातनत्व नव्हे. अमर्याद जीवन संपूर्णपणे, एकदमच लाभलेले असणे म्हणजे सनातनत्व. परमेश्वर पुढचे अगोदर जाणत नाही, तो सारे समोर पाहतो. चालणाऱ्या माणसाकडे आपण पाहतो, म्हणून त्याचे चालणे सक्तीचे होत नाही.

मग मागायचे कशाला? संत थॉमस अक्वायनस म्हणतात, परमेश्वराचा बेत बदलावा म्हणून नव्हे. प्रार्थनेद्वारेच द्यावे असे जे त्याने योजिले आहे, ते मिळावे म्हणून. पीक त्याच्या योजनेत असेल, तर पेरणीही तिच्यातच असते.

नऊ प्रती वाटा, नाहीतर अरिष्ट येईल, अशी पत्रके पसरविणारे भाविकही याच चुकीचे धनी आहेत. एकाचा देव दप्तर बंद करून बसलेला कारकून, दुसऱ्याचा देव तगाद्याने वाकणारा अंमलदार. दोघांनीही त्याला दिनदर्शिकेत कोंडले आहे. ख्रिस्ताने चिकाटी शिकवली हे खरे. परंतु संत अगस्तीन यांनी प्रोबाला लिहिल्याप्रमाणे, तिने आपली आस वाढते, परमेश्वराचे ज्ञान नव्हे.

1854 साली ख्रिस्तसभेने पवित्र मरियेचा निष्कलंक गर्भसंभव घोषित केला. कालवारीवर क्रूस उभा राहण्यापूर्वीच त्या क्रूसाची पुण्याई मरियेला लाभली, असे आपण मानतो. मग मातेची सायंकाळची प्रार्थना आदल्या रात्रीच्या मुलापर्यंत पोहोचणार नाही, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

घडलेले मरण न घडलेले व्हावे, हे मागता येत नाही. परंतु त्या अखेरच्या क्षणी त्याला कृपा लाभावी, हे आजही मागता येते. कारण तो क्षण आणि ही प्रार्थना परमेश्वरासमोर एकत्रच उभी आहेत. आम्ही त्या मातेला एवढेच म्हणालो, "बाय, आता मागा."

उशीर माणसांना होतो. परमेश्वराच्या दारी तो कोणालाही झालेला नाही. जे सांत्वन हे सांगत नाही, ते शोकाकुलांच्या घरी कोणी नेऊ नये.