हात सापडल्यानंतर

शिवाजी पेठेतली पोरं पूर्वी सायकलवरून उद्यमनगरात कामाला जायची, आता दुचाकीवरून शिरोली, गोकुळ शिरगावला जातात. कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांचं, कास्टिंगचं कौतुक दिवाळी अंकांतून पुष्कळ झालं. 2023 साली कामगार नुकसानभरपाई कायद्याला शंभर वर्षं झाली, म्हणून पॉवर प्रेसखाली गेलेल्या बोटांबद्दल लिहितो आहोत. हात सापडलेला माणूस आजही मालकाने दवाखान्याचं बिल भरलं की उपकार मानून घरी बसतो, याची आम्हाला चीड आहे.

ते बिल म्हणजे भरपाई नव्हे. 2009 च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा खर्च मालकाने वेगळा द्यायचाच आहे. भरपाईचा हिशेब निराळा. तीस वर्षं पूर्ण झालेला, पंधरा हजार पगाराचा कामगार धरा. पगाराचे 60 टक्के गुणिले 207.98, हा वयानुसार ठरलेला आकडा. अंगठा गेला तर येणाऱ्या रकमेचे 30 टक्के, म्हणजे साडेपाच लाखांवर. एका हाताची चार बोटं गेली तर 50 टक्के. महिन्यात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, शिवाय दंड होऊ शकतो. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असलेल्याने मात्र तिथेच दाद मागायची. कायमच्या अपंगत्वाला तिथे दरमहा रक्कम मिळते.

‘तूच हात घातलास’ हे वाक्य प्रत्येक जखमी कामगाराने ऐकलेलं असतं. नगावर मजुरी ठरली की प्रेसवरचा संरक्षक गार्ड अडचणीचा वाटतो, तो काढला जातो आणि सुपरवायझर बघूनही गप्प राहतो. नुसत्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. गार्ड मुद्दाम काढल्याचा बचाव मालकाला आहे, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तोही चालत नाही. आता पूर्ण अपंगत्व कशाला म्हणायचं? एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व शंभर टक्के, असं सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली मान्य केलं. प्रेस चालवणाऱ्याच्या दाव्यातही हाच प्रश्न आधी विचारायला हवा: हा माणूस आपलं काम पुन्हा करू शकेल का?

‘सगळं मिटलं’ म्हणून कोऱ्या किंवा छापील कागदावर सही घेतात. हक्क सोडल्याचा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. ठेकेदाराच्या माणसाला मूळ कारखानदाराकडेही मागता येतं. अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. ज्यांचा हात सापडून वर्ष झालं, त्यांच्या हातात अजून साधारण एक वर्ष आहे.