आधी हे इन्स्टॉल करा!

मंडळी, ऑफिसचं एखादं अ‍ॅप्लिकेशन घरून उघडायचं असेल तर हल्ली पहिला नैवेद्य क्लायंट सॉफ्टवेअरला दाखवावा लागतो. लॉगिन केलं, पासवर्ड झाला, ओटीपी झाला, समोर अ‍ॅप्लिकेशनचा आयकॉन दिसला आणि त्यावर क्लिक केलं की फर्मान येतं: आधी हे इन्स्टॉल करा. माझं म्हणणं सरळ आहे. माझ्या पैशाने घेतलेल्या मशिनवर हे बसवून घ्यायचा हक्क कंपनीला नाही. आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? दोन मिनिटांचं तर काम. थांबा, हे प्रकरण चालतं कसं ते आधी बघू. सिट्रिक्सचं उदाहरण घेतो, परदेशी क्लायंटचं काम करणाऱ्यांच्या ते ओळखीचं असतं. अ‍ॅप्लिकेशन चालतं दूर कुठेतरी सर्व्हरवर. तुमच्याकडे येतं फक्त स्क्रीनचं चित्र, आणि इकडून जातात तुम्ही दाबलेल्या कीज आणि माउसच्या हालचाली. आयकॉनवर क्लिक केलं की सर्व्हर एक चिमुकली आयसीए फाइल पाठवतो. त्यात पत्ता, अ‍ॅप्लिकेशनचं नाव आणि थोडाच वेळ चालणारं तिकीट. ती वाचून जोडणी करणारा प्रोग्रॅम तुमच्या मशिनवर असावा लागतो, आणि ब्राउझर व हा प्रोग्रॅम यांच्यातला मध्यस्थ म्हणजे पूर्वीचं प्लग-इन.

प्लग-इन ही नेटस्केपच्या जमान्यातली, १९९५ ची कल्पना. ते एकदा आत आलं की तुम्हाला तुमच्या मशिनवर जे जे करता येतं ते सगळं त्यालाही करता येत असे. म्हणूनच क्रोमने २०१५ मध्ये त्याला बाहेर काढलं. फायरफॉक्सने २०१७ मध्ये एकट्या फ्लॅशला सवलत देऊन बाकीच्यांना नारळ दिला. २०२० च्या अखेरीस फ्लॅशही गेलं. दरवाजा बंद झाला, छान झालं.

पण सवय गेली नाही! प्लग-इन गेल्यावर वेबपेजला तुमच्या मशिनवर काय आहे ते दिसेनासं झालं. मग एक बटण आलं, क्लायंट शोधण्याचं. ते दाबलं की ब्राउझर विचारतो, हा प्रोग्रॅम उघडू का? हो म्हणा. तरी कधीकधी पेज म्हणतं, सापडला नाही, डाउनलोड करा. शेवटी कोपऱ्यातली 'आधीच इन्स्टॉल केलंय' ही लिंक शोधायची, की मग डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये आयसीए फायलींची रास पडायला सुरुवात. एकदा उघडून बघा तो फोल्डर :)

आता खरी गंमत. एका क्लायंटकडून आम्हाला घरून काम करण्यासाठी सूचनांची पीडीएफ आली. त्यात काय होतं? पॉप-अप ब्लॉकर बंद करा. ब्राउझरने इशारा दिला तर 'परवानगी द्या' दाबा. 'पुन्हा विचारू नका' वर टिक करा. ही फाइल नेहमी आपोआप उघडू द्या. आणि त्याच महिन्यात त्याच क्लायंटचं सक्तीचं सुरक्षा प्रशिक्षण: इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करू नका, डाउनलोड झालेली फाइल विचार न करता उघडू नका. परीक्षासुद्धा होती, ऐंशी टक्क्यांना पास! उद्या कुणी हुबेहूब तसंच लॉगिन पेज बनवून 'नवीन व्हर्जन इन्स्टॉल करा' म्हणालं तर आमच्या टीममधली शहाणी माणसं डोळे मिटून करतील. कारण त्यांना तेच शिकवलंय, तेही पीडीएफमध्ये, बाण काढून.

आणि काही ठिकाणी एवढ्यावर भागत नाही. गेटवेवर तपासणीचा आणखी एक घटक असतो. मशिनवर अँटिव्हायरस आहे का, कोणत्या प्रोसेस चालू आहेत, अमुक रजिस्ट्री की आहे का हे तो बघतो. कंपनीच्या लॅपटॉपवर खुशाल बघा. पण ज्या मशिनवर बायकोचा इन्कम टॅक्स आणि पोराचे फोटो आहेत तिथे का?

बरं, दुसरा मार्ग नाही असंही नाही. ब्राउझरमध्ये कॅनव्हास आणि वेबसॉकेट आल्यापासून दूरच्या स्क्रीनचं चित्र थेट टॅबमध्ये दाखवता येतं. सिट्रिक्सचाच एचटीएमएल ५ वर चालणारा क्लायंट आहे. अपाचे ग्वाकामोली तर ओपन सोर्स आहे. सिट्रिक्सच्या स्टोअरफ्रंटमध्ये अ‍ॅडमिनला चक्क पर्याय मिळतो: स्थानिक क्लायंट नसेल तर ब्राउझरमध्ये उघडा. थोडी सर्व्हरकडची जुळवाजुळव लागते, एवढंच. ती एका माणसाने एकदा करायची, की हजार जणांनी आपापल्या घरी झटापट करायची?

यूएसबी उपकरणं, स्मार्टकार्ड, जड ग्राफिक्स हे सगळं इन्स्टॉल केलेल्या क्लायंटला जास्त चांगलं जमतं, हे मान्य. कॅडवाल्यांना तो लागेलच. पण आम्ही उघडतो काय, तर टाइमशीट! शुक्रवारी संध्याकाळी आठ रकाने भरायचे.

हेल्पडेस्कला मी हेच लिहून विचारलंय: एक तर तो ब्राउझरचा पर्याय चालू करा, नाहीतर तुमचा लॅपटॉप पाठवा आणि त्यावर हवं ते बसवा. तिसरी सोमवारची मीटिंग झाली, उत्तर अजून 'इन प्रोग्रेस' आहे.